पिंजरा बिबट्याला की शेळीला?



या वेळच्या जिल्हा बैठकीसाठी तालुक्यांकडून आलेल्या ठरावांत एक ठराव तीन ठिकाणांहून जवळजवळ त्याच शब्दांत आला आहे : 'प्रत्येक गावाला पिंजरा द्या, बिबटे धरा आणि लांबच्या जंगलात नेऊन सोडा.' ठरावामागचा संताप खरा आहे. २०२५च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात तीन आठवड्यांच्या आत तीन जीव गेले, त्यांतली दोन लेकरे होती. ज्यांच्या अंगणातून पोर गेले त्यांना वन्यजीवप्रेमाची व्याख्याने देण्याचा अधिकार कोणालाच नाही. माणूस मारणाऱ्या जनावराचा बंदोबस्त झालाच पाहिजे, आणि त्याची तरतूद १९७२च्या वन्यजीव कायद्यात आहे. तेव्हा वाद त्या एका जनावराचा नाही. वाद आहे, दिसेल तो बिबट्या उचलून दुसरीकडे टाकण्याचा. हा प्रयोग आपल्याच भागात एकदा होऊन गेला आहे आणि त्याची किंमत आपणच मोजली आहे.

जुन्नर वनविभागात २००१ साली बिबटे धरून दूर सोडण्याची मोहीम सुरू झाली. त्याआधी माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी ४ होते. मोहीम सुरू झाल्यावर ते १७ झाले. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही आकडेवारी पुढे अभ्यासून छापली आहे. कारण समजायला कृषी पदवी लागत नाही. धरलेले जनावर जखमी, बिथरलेले असते. त्याला अनोळखी मुलखात सोडले की ते परत आपल्या जागेकडे निघते आणि वाटेत जी वस्ती लागेल तिच्यात शिरते. २००९ साली टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून काढलेला एक बिबट्या गळ्यात पट्टा बांधून माळशेज घाटात सोडला होता. तो चालत चालत मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत गेला. आणि इकडे त्याची मोकळी झालेली जागा रिकामी राहत नाही. नवा बिबट्या येतो, बहुधा तरणा, गावाच्या सवयी न कळणारा.

मग तो आपल्या अंगणात येतो कशासाठी? जंगल तुटले म्हणून, असे शहरातले लोक सांगतात. आपल्याकडे ते अर्धेच खरे. कुकडीचे पाणी आले, ऊस उभा राहिला आणि वर्षभर हालचाल नसलेले दाट रान तयार झाले. मादी उसातच विते, बछडे उसातच वाढतात. पण ऊस हा आडोसा झाला. पोट भरते ते आपल्या ओट्यावर.

अकोले तालुक्यात बिबट्यांच्या विष्ठेवरून ते काय खातात याचा अभ्यास झाला. आहारातला ८७ टक्के भाग पाळीव आणि गावातल्या जनावरांचा निघाला. त्यात एकट्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के आणि शेळ्यांचा फक्त ११. आता खरी गोष्ट ऐका. त्या भागात शेळ्या कुत्र्यांच्या सात पट होत्या. तरी शेळी कमी खाल्ली गेली, कारण शेळीला दिवसा राखणदार असतो आणि रात्री ती कोंडलेली असते. कुत्रे उघड्यावर असते. म्हणजे आमच्या आयाबायांनी संध्याकाळी लावलेली कडी पिंजऱ्यापेक्षा भारी ठरली आहे.

पण कडी लावली म्हणजे झाले असे नाही. माझ्या शेजाऱ्याच्या शेडला पाच फुटांची पक्की भिंत होती आणि वर आभाळ. एका रात्रीत चार शेळ्या गेल्या. भिंत बिबट्या सहज ओलांडतो, आणि आत घाबरून धावणारी जनावरे दिसली की एकावर थांबत नाही. गोठ्याला वरूनसुद्धा जाळी किंवा पत्रा हवा, दाराला बाहेरून सरकणारी कडी हवी आणि दाराखाली फट नको. कोंबड्यांच्या खुराड्याचेही तेच. कुत्रा पाळलात तर रात्री आत घ्या. ओट्याला साखळीने बांधलेला कुत्रा म्हणजे वाढलेले ताट. मेलेले जनावर आणि पोल्ट्रीची घाण ओढ्यात टाकायची सवय मोडली पाहिजे. तिच्यावर मोकाट कुत्री जमतात आणि कुत्र्यांमागे तो येतो.

घराच्या भिंतीला टेकून ऊस लावू नका. चार सऱ्या कमी आल्या तरी चालतील, त्या पट्ट्यात भुईमूग, मेथी, काहीही बुटके घ्या. संध्याकाळी लेकरांना एकटे बाहेर बसवू नका. वाकलेले, बसलेले माणूस त्याला लहान जनावरासारखे दिसते. विहिरीला कठडा बांधा. दिवे लुकलुकवणारी यंत्रे बाजारात आली आहेत, पण जनावर त्यांना सरावते, भरवसा ठेवू नये. आणि कुंपणात लाईनची वीज सोडणाऱ्यांना हात जोडून सांगतो, तो गुन्हा आहे, आणि त्या तारेवर बिबट्याआधी शेजाऱ्याचा पोरगा सापडेल.

ऊसतोडीत बछडे सापडले तर उचलून फोटो काढत फिरू नका. जागेवर ठेवा, १९२६ या क्रमांकावर वनखात्याला कळवा, माणसे बाजूला करा. मादी रात्री येऊन नेते. पिल्ले न सापडलेली मादी त्या शिवारात सैरभैर फिरते, आणि दुसऱ्या दिवशी त्याच फडात आपलीच माणसे उतरायची असतात.

इथवर आपले काम झाले. आता सरकारचे. रात्री दोन वाजता वाकून दारे धरणारा शेतकरी तिथे हौसेने जात नाही. थ्री फेज लाईट पाळीने रात्रीची येते म्हणून जातो. दिवसा वीज देण्यासाठी सौर कृषी वाहिनीची योजना २०१७ साली जाहीर झाली. ज्या फीडरवर ती पोचली तिथले शेतकरी दिवसा भिजवून रात्री झोपतात. बाकीच्यांनी अजून किती हंगाम हातात बॅटरी धरायची? कारखान्याला विचारायचा प्रश्नही हाच. आपल्या गोठ्याला जाळी बसेल, पण फडाच्या कडेला पाचटाच्या कोपीत दार नसलेल्या अंगावर लेकरे झोपवणाऱ्या तोडणी कामगाराचे काय? मेंढ्यांचा वाडा उघड्यावर बसवणाऱ्या धनगराचे काय? सगळ्यांत जास्त धोक्यात तेच आहेत आणि आपल्या ठरावात त्यांचा शब्दसुद्धा नाही.

म्हणून माझी दुरुस्ती अशी : 'गावाला पिंजरा' हे शब्द काढून तिथे 'बंदिस्त गोठ्याला आणि खुराड्याला अनुदान, बिबट्याच्या पट्ट्यातील सर्व कृषी फीडरवर दिवसा थ्री फेज वीज, आणि तोडणी कामगारांना कारखान्याने दाराच्या निवाऱ्याची सोय' असे घालावे. माणसावर हल्ला करणाऱ्या बिबट्याबद्दलचे कलम आहे तसे राहू द्यावे. दुरुस्ती मी बैठकीत मांडणार आहे. विरोध असेल त्यांनी जरूर बोलावे, पण येताना आपल्या गोठ्याला वरून काय आहे ते एकदा पाहून यावे.