पाण्याचा मार्ग, कथेची आडवाट

जेम्स कॅमेरॉन यांच्या 'अवतार' (२००९) या विज्ञानपटाचा दुसरा भाग, 'अवतार : द वे ऑफ वॉटर', डिसेंबर २०२२ मध्ये आला. सव्वातीन तासांच्या या चित्रपटाने जगभर दोनशे कोटी डॉलरांहून अधिक गल्ला जमविला. त्यातील सागरदृश्ये डोळे दिपवतात, हे मान्यच केले पाहिजे. परंतु डोळे दिपणे निराळे आणि कथा पटणे निराळे.

पहिल्या भागात खनिजासाठी कंपनी जंगलावर चालून येते आणि वनवासी एकजुटीने तिला हुसकावतात. मांडणी भाबडी होती, तरी कथेला कणा होता. दुसऱ्या भागात माणसे पुन्हा येतात, जंगल जाळतात. आणि नायक सरदारकी सोडून बायकामुलांसह समुद्रकाठच्या टोळीच्या आश्रयाला जातो. मागे राहिलेल्या जमातीचे पुढे काय झाले, हे पाहण्यासाठी कथा मागे वळत नाही. शोषणाची जागा सूड घेतो, सामुदायिक लढ्याची जागा कुटुंबरक्षण. मेलेला खलनायक नव्या देहात परत आणला जातो. मुले पकडली जातात, सुटतात, पुन्हा पकडली जातात. मरण असे परतवता येऊ लागले, की थोरल्या मुलाच्या मृत्यूचे दुःखही उसने वाटते.

कुटुंबाची माया सर्वांना कळते, म्हणून कथा तिच्याभोवती गुंफली, असे समर्थन होईल. पण विस्थापिताच्या कुटुंबावरचे संकट एखाद्या दुष्टाच्या वैरातून येत नाही. ते व्यवस्थेतून येते. शहापूर-मुरबाडच्या माणसाला हे सांगावे लागत नाही. १८९२ साली पुरे झालेल्या तानसा तलावापासून भातसा धरणापर्यंत शहापूरचे पाणी मुंबईची तहान भागवीत आले आहे. त्याच तालुक्यातील पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. जमीन पाण्याखाली गेलेल्यांची कथा घर सोडल्यावर संपत नाही, तेथून ती सुरू होते: नवी जागा, नवे शेजारी, अपुरे अन्नपाणी. चित्रपटात मात्र पाहुण्यांच्या वाट्याला पोहण्याचे धडे आणि पोरांची भांडणे एवढेच येते.

मुरबाडमध्ये काळू धरणाचे काम २०११ साली वनखात्याच्या परवानगीवाचून सुरू झाले. श्रमिक मुक्ती संघटना न्यायालयात गेली आणि २०१२ मध्ये उच्च न्यायालयाने ते थांबविले. त्या लढ्यात कोणी एक तारणहार नव्हता. ठाकर-कातकऱ्यांच्या सभा होत्या, अर्ज होते, चिकाटी होती. अशा गोष्टीत पुढे काय होईल याची उत्कंठा उपजतच असते, कारण प्रत्येक पावलाची किंमत कोणीतरी मोजत असते.

कॅमेरॉन यांच्याजवळ अमाप पैसा होता, अद्भुत यंत्रे होती. हा हिशेब मांडण्याची इच्छा तेवढी नव्हती. म्हणूनच त्यांच्या पडद्यावर पाणी अथांग दिसते आणि कथा उथळ.