कॉमर्स की कॉम्प्युटर?

दहावीचा निकाल लागला की आमच्या सोसायटीतल्या पालकांना माझी आठवण होते. बँकेच्या तपासणी विभागात हयात गेलेला माणूस. तेव्हा याला पैशातलेही कळत असेल आणि संगणकातलेही, असा त्यांचा समज. यंदा तळमजल्यावरचे गृहस्थ मुलीला घेऊन आले आणि बसायच्या आतच म्हणाले, "काका, एकच सांगा. कॉमर्स की कॉम्प्युटर? स्कोप कशात आहे?" मुलीला हिशेब आवडतो, संगणकही आवडतो. दोहोंतले एक सोड, असा घरचा आग्रह.

मला हा आग्रहच चुकीचा वाटतो.

बचत खात्यावरच्या व्याजाचेच पाहा. पूर्वी महिन्याच्या दहा तारखेपासून अखेरपर्यंत खात्यात जी कमीत कमी शिल्लक असेल, तिच्यावरच व्याज मिळे. अकरा तारखेला जमा केलेल्या रकमेचे त्या महिन्याचे व्याज बुडालेच म्हणायचे. ग्राहक चिडत, पण हाताने लेजर लिहिणाऱ्या कारकुनाने हजारो खात्यांची रोजची शिल्लक धरून व्याज काढायचे कधी? १ एप्रिल २०१० पासून रोजच्या शिलकेवर व्याज सुरू झाले, ते शाखाशाखांत संगणक पोहोचल्यामुळेच. १९८३ साली बँक कर्मचारी संघटनांशी यांत्रिकीकरणाचा करार झाला, तेव्हा हे यंत्र नोकऱ्या खाणार याचीच भीती सर्वत्र होती. ते व्याजाचा नियमही बदलेल, असे कोणाच्या मनात आले असेल?

उलटी बाजू २०१८ साली दिसली. पंजाब नॅशनल बँकेच्या मुंबईतील ब्रॅडी हाऊस शाखेतून हमीपत्रांचे संदेश 'स्विफ्ट' या यंत्रणेवरून परदेशातल्या बँक-शाखांकडे जात होते, आणि बँकेच्या मुख्य हिशेबप्रणालीत त्यांची नोंदच नव्हती. दोन्ही यंत्रणा एकमेकींना जोडलेल्याच नव्हत्या. त्या फटीतून हजारो कोटी गेले. मग ही जोडणी पुरी करायला रिझर्व्ह बँकेने ३० एप्रिल २०१८ ही मुदत घातली. हमीपत्र म्हणजे बँकेच्या डोक्यावरचा बोजा, हे संगणकवाल्याला ठाऊक हवे. आणि संदेश कोठून निघून कोठे जातो, हे हिशेबनिसाला. दोन्ही जाणणारी माणसे मला नोकरीत फार थोडी भेटली.

अशा माणसांसाठी वाटा आहेत. सी. ए. झाल्यावर माहिती-यंत्रणांच्या लेखापरीक्षणाचा अभ्यासक्रम त्यांची इन्स्टिट्यूटच चालवते. विम्याचे गणित मांडणाऱ्या ॲक्च्युअरीच्या परीक्षेत काही भाग आता संगणकावरच, 'आर' या भाषेत सोडवावा लागतो. (ही परीक्षा चिवट आहे; अनेकांची पुष्कळ वर्षे त्यात जातात, हेही पालकांनी आधीच ऐकून ठेवावे.) संख्याशास्त्राची किंवा अर्थशास्त्राची पदवी आणि जोडीला प्रोग्रॅमिंग, एवढ्यावरही बँकांचे जोखीम विभाग, पतमानांकन संस्था, म्युच्युअल फंड यांची दारे ठोठावता येतात. तीन महिन्यांत लाखांचा पगार देऊ करणाऱ्या क्लासच्या जाहिरातींबद्दल मी बोलत नाही.

प्रोग्रॅम आता यंत्रच लिहून देते, मग शिकायचे कशाला, असेही त्या गृहस्थांनी विचारले. लिहून देते, खरे. पण नव्वद दिवसांहून अधिक काळ हप्ता थकला की त्या कर्जावरचे न मिळालेले व्याज उत्पन्नात धरायचे नाही, हा नियम त्यात नीट उतरला आहे की नाही, हे पाहणार कोण?

या वाटांवर फाटक एकच आहे, आणि ते अकरावीतच लागते. वाणिज्य शाखेत गणित सक्तीचे नाही. अनेक कनिष्ठ महाविद्यालयांत गणित किंवा 'एस. पी.', म्हणजे चिटणिसाची कार्यपद्धती, यांतले एक घ्यायचे असते. एस. पी. त मार्क पडतात म्हणून पालकच तिकडे ढकलतात. विषय वाईट नाही. पण पुढे संगणकशास्त्राच्या पदवीला अनेक ठिकाणी बारावीचे गणित विचारतात, तेव्हा दोन वर्षे मागे फिरता येत नाही. संख्याशास्त्राचे तर बोलायलाच नको.

मी मुलीला विचारले, "तू काय घेतलेस?"

ती वडिलांकडे पाहू लागली. गृहस्थ म्हणाले, "एस. पी. नव्वदच्या पुढे जाईल, असे सगळे म्हणाले."

"मला गणित हवे होते," ती हळूच म्हणाली.

चहा तसाच ठेवून ते उठले. कॉलेजचे ऑफिस दुपारी बंद होते, आणि विषय बदलून मिळतो का, हे विचारायचे होते.