मत्स्यालयातील शेवाळ : औषधाआधी हिशेब

केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनफिशच्या बीजोत्पादनाचे तंत्र विकसित केले आणि शोभिवंत सागरी माशांचे संगोपन समुद्रापासून दूरच्या घरांतही शक्य झाले. खाऱ्या पाण्याची टाकी ठेवणाऱ्यास लवकरच एक प्रश्न छळू लागतो. काचेवर व दगडांवर चढलेल्या शेवाळावर कोणते औषध टाकावे? विस्तार कार्यकर्त्याने या प्रश्नाचे उत्तर औषधाच्या नावाने देऊ नये.

शेवाळ वाढते ते प्रकाश, नत्र आणि स्फुरद यांवर. बंद टाकीत ही द्रव्ये मालक स्वतःच घालत असतो. न खाल्लेले खाद्य व माशांची विष्ठा हा एक मार्ग. नळाचे किंवा विहिरीचे पाणी हा दुसरा. टाकीतून वाफ होऊन जाते ते केवळ पाणी. त्यातील नायट्रेट व फॉस्फेट मागे राहते. घट भरून काढण्यासाठी पुन्हा तेच पाणी ओतले की साठा वाढत जातो.

शेवाळनाशकाने शेवाळ मरते. त्याच्या पेशींतील नत्र व स्फुरद मात्र टाकीतच राहते. मेलेले शेवाळ कुजताना प्राणवायू खर्च होतो, पोषकद्रव्ये पुन्हा पाण्यात उतरतात आणि नवे शेवाळ उगवते. ताम्रयुक्त औषध असेल तर शेवाळ चरणाऱ्या गोगलगायी व खेकडेही मरतात. भातशेतीच्या जाणकारांस ही कथा परिचित आहे. नत्राची मात्रा वाढवून, सरसकट फवारणीने कोळी व मित्रकीटक मारले की तपकिरी तुडतुड्यांचा उद्रेक होतो. दोन्हीकडे मूळ चूक एकच.

उपायापूर्वी ओळख पटवावी. नव्या टाकीतील तपकिरी थर बहुधा डायटमचा असतो. पाण्यातील सिलिकेट संपल्यावर तो ओसरतो. लालसर, बुळबुळीत पापुद्रा हे शेवाळ नसून सायनोबॅक्टेरिया होत. त्यांवर प्रतिजैविक ओतल्यास अमोनियाचे रूपांतर करणाऱ्या उपयुक्त जिवाणूंनाही धोका पोहोचतो. केसांसारखे हिरवे तंतू मात्र बहुतांशी अतिपोषणाची खूण असतात.

त्यांवरील उपाय साधे, पण सातत्य मागणारे आहेत. खारे पाणी तयार करण्यास आणि घट भरण्यास आर.ओ. पाणीच वापरावे. दोन-तीन मिनिटांत संपेल इतकेच खाद्य द्यावे. दिवे आठ तासांच्या आसपास ठेवावेत. तंतू हाताने उपटून, नळीने पाण्यासह बाहेर काढावेत व दर आठवड्यास सुमारे १० टक्के पाणी बदलावे. शेजारच्या छोट्या टाकीत कीटोमॉर्फा हे शेवाळ वाढवून त्याची नियमित कापणी केली, तर त्याच्यासोबत नत्र व स्फुरदही बाहेर जाते. पोषण शून्यावर आणण्याचा हट्ट मात्र नसावा. अशा पाण्यात डायनोफ्लॅजेलेट हे अधिक चिवट जीव माजू शकतात.

काढलेले शेवाळ कोठे जाते, हा प्रश्न घरापुरता राहत नाही. मत्स्यालयांत वापरले जाणारे कॉलेर्पा टॅक्सिफोलिया १९८४ मध्ये मोनॅकोच्या किनाऱ्यालगत समुद्रात आढळले आणि पुढे भूमध्य समुद्रात दूरवर पसरले. कॅलिफोर्नियात ते २००० मध्ये सापडले. ताडपत्रीखाली क्लोरीन सोडून त्याचे उच्चाटन करण्यास २००६ साल उजाडले. म्हणून टाकीतील शेवाळ पूर्ण वाळवूनच कचऱ्यात टाकावे. खाडी, ओढा वा नाल्यात त्याचा तुकडाही जाऊ देऊ नये.

एकात्मिक कीड व्यवस्थापनात प्रत्येक कीड दिसताच फवारणी केली जात नाही. नुकसानीची पातळी पाहिली जाते. काचेवरील पातळ हिरवा थर मासे सहज सहन करतात, मालकानेही करावा. तो दाट होऊ लागला, तर औषधाच्या बाटलीआधी खाद्याचा डबा आणि पाण्याची बादली तपासावी.