आईचा रंग



एका ताईंनी विचारले आहे, "मुलाचा हात चित्रकलेत चांगला आहे. एलिमेंटरी, इंटरमिजिएट दोन्ही परीक्षा पास झालाय. आता तैलरंगात माणसांचे चेहरे काढायला शिकायचे म्हणतो. आपल्यासारख्यांना हे झेपेल का?"

ताई, झेपेल. पण कसे ते सांगण्याआधी माझी फजिती सांगतो.

तरुणपणी मी सोलापुरात पाट्या रंगवणाऱ्या एका पेंटरच्या हाताखाली होतो. दुकानांच्या पाट्या रंगवायच्या आणि वारलेल्या माणसांचे फोटो मोठे करून द्यायचे, हे आमचे काम. फोटोवर चौकोन पाडायचे, कापडावर तेवढेच मोठे चौकोन पाडायचे आणि एकेक चौकोन उतरवत जायचे. माझा हात चांगला बसला होता. एकदा मनात आले, आईचे चित्र करून तिला चकित करावे. आई विड्या वळायची. तिच्या विडी कामगाराच्या ओळखपत्रावरचा फोटो घेतला, रात्री जागून चित्र पुरे केले. चेहऱ्याला लावली 'फ्लेश टिंट' नावाची तयार नळी. हा रंग असतो गुलाबीसर. सुरकुत्या पुसून टाकल्या, गाल गुळगुळीत केले.

आईने चित्र बघितले आणि म्हणाली, "ही कुणाची बाई आणून बसवलीस रं? पातळ माझं हाय, पर तोंड माझं न्हाई."

सगळे हसले. मी मात्र रात्रभर झोपलो नाही. आईला मी गोरी केली होती. मला तसे कोणी सांगितले नव्हते. चित्रातला चेहरा गोराच असायचा, असे माझ्या हातानेच ठरवून टाकले होते.

हे एका निवृत्त चित्रकला शिक्षकांना सांगितले, तर ते म्हणाले, "तू आईला बघितलंसच कुठे? तू फोटो बघितलास. उद्यापासून तिच्यासमोर बस."

त्यांनीच मला व्हिन्सेंट व्हॅन गॉगची हकीकत सांगितली. 1853 साली हॉलंडात जन्मलेला हा माणूस चित्रकार व्हायचे ठरवतो तेव्हा 27 वर्षांचा होता. म्हणजे लहानपणी सुरुवात केली नाही तर संपले, असे काही नसते. 1884-85 च्या हिवाळ्यात न्यूनेन नावाच्या खेड्यात राहून त्याने शेतकरी-मजुरांचे चेहरे तैलरंगात काढले. एकदोन नव्हे, 40 च्या आसपास! त्यांच्या झोपड्यांत जाऊन, अपुऱ्या उजेडात. गालफडे वर आलेली, ओठ जाड, कपाळावर आठ्या. त्यांना सुंदर करायचा मोह त्याने टाळला. त्या सरावातून 1885 मध्ये 'बटाटे खाणारे' हे चित्र तयार झाले. दिव्याखाली पाच माणसे जेवायला बसली आहेत, आणि त्यांचा रंग मातीतून काढलेल्या, न सोललेल्या बटाट्यासारखा आहे. ज्या हातांनी जमीन खणली तेच हात ताटात जात आहेत, हे त्याला दाखवायचे होते. त्याच्या चित्रकार मित्राने त्यावर कडक टीका केली. आज ते चित्र ॲमस्टरडॅमच्या व्हॅन गॉग संग्रहालयात आहे.

तैलचित्र म्हटले की राजे, सरदार, शेठ डोळ्यांपुढे येतात. कारण चित्रकाराला पैसे तेच देत. मजुराचा चेहराही तितक्याच निगुतीने बघण्यासारखा असतो, हे त्या चाळीस चेहऱ्यांनी दाखवले.

आता कामाचे बोलू.

रंग कोणते घ्यावेत? चार लहान नळ्या पुरतात : यलो ओकर, बर्न्ट सिएना, अल्ट्रामरीन ब्लू आणि टायटॅनियम व्हाइट. 'फ्लेश टिंट' घेऊ नका. आपल्या कातडीचा रंग बर्न्ट सिएना आणि ओकर यांच्या मिश्रणातून निघतो. सावलीसाठी त्यात निळा घाला. सिएना आणि निळा मिळून काळ्यापेक्षा जिवंत गडद रंग होतो. उजेडासाठी एकदम पांढरा ओतू नका, चेहरा खडू फासल्यासारखा दिसतो. आधी ओकर वाढवा, पांढरा अगदी शेवटी. सावळ्या कपाळावर दारातला उजेड पडला की चमक किंचित निळसर दिसते. नीट बघा म्हणजे सापडेल.

कशावर काढावे? तयार कॅनव्हास बोर्ड घ्यावा. साध्या कागदावर थेट तैलरंग लावू नये, तेलाने कागद कुजतो. एकच बोर्ड सरावाला अनेकदा वापरता येतो. ओला रंग सुरीने खरवडायचा, फडक्याने पुसायचा आणि पुन्हा सुरुवात. तैलरंगाची हीच सोय आहे. त्यातले जवसाचे तेल पाण्यासारखे उडून जात नाही, हवेतला प्राणवायू घेऊन हळूहळू घट्ट होते. त्याला काही दिवस लागतात, म्हणून चूक सुधारायला सवड मिळते. पहिला थर टर्पेंटाइनने पातळ केलेला असावा, तेलाचे प्रमाण वरच्या थरांत वाढवावे. उलट केले तर पुढे चित्राला तडे जातात.

सुरुवात कशी करावी? मोबाईलवरचा फोटो बाजूला ठेवा, माणूस समोर बसवा. उजेड एकाच बाजूने येऊ द्या. डोळे अर्धवट मिटून बघा; नाक-डोळे नाहीसे होतील आणि उजेडाचे, सावलीचे मोठे तुकडे दिसतील. तेवढेच मोठ्या चपट्या ब्रशने मांडा. डोळे फार वर काढण्याची चूक बहुतेक सगळेच करतात. डोक्याच्या टोकापासून हनुवटीपर्यंत मोजा, ते साधारण मध्यावर येतात. डोळ्यातला पांढरा भागही पांढरा नसतो, तो करडा असतो. आणि चेहऱ्यावरचा भाव शोधायचा तो भुवयांत, डोळ्यांच्या आणि ओठांच्या कडांशी, तसाच मानेच्या कलात. सुरकुत्या एकेक मोजून काढल्याने भाव येत नाही.

घर लहान असेल तर जपा. टर्पेंटाइन चुलीजवळ, गॅसजवळ नको. दार उघडे ठेवा. तेलात भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, तो आपोआप पेट घेऊ शकतो. बाहेर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा. शिशाचा पांढरा रंग विषारी असतो, तो घरात आणूच नका. आणि रंगाच्या हाताने जेवायला बसू नका.

मी आईसमोर बसलो. विड्या वळणारी बाई चित्रकाराला समोर मिळणे हे भाग्यच. मांडीवर सूप, दारातला उजेड, तासन् तास एकच बैठक. रोज एक चेहरा काढायचा आणि खरवडायचा. आठवडाभराने मला दिसले की तिचा उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली आहे. आणखी काही दिवसांनी दिसले की मोजलेली पाने संपत आली की तिचा खालचा ओठ आत ओढला जातो. ज्या घरात मी वाढलो, त्या घरातली ही बाई मी तोवर पाहिली नव्हती.

महिन्याने एक चित्र खरवडले नाही. नाक थोडे वाकडे झाले होते, ते आजही वाकडेच आहे. आई पदराला हात पुसत आली आणि बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "त्या दिवशी माझी पाठ लई दुखत हुती. मी तर बोलले न्हवते. तुला कसं कळलं?"

मी काय उत्तर देणार? मला कळले नव्हते. मी फक्त जसे दिसले तसे काढले होते.

ताई, आपल्या घरातल्या भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर असते. तिच्याकडे बघत आपण वाढलो. त्याच भिंतीवर त्याच घरातल्या आजीचेही एक चित्र असायला काय हरकत आहे, तिच्या खऱ्या रंगात? मुलाला चार नळ्या आणून द्या. आणि पहिल्या दिवशी तुम्हीच त्याच्यासमोर बसा. भाजी निवडायची असेल तर निवडत बसा, फक्त दाराच्या उजेडात.