गॅदरिंगची पत्रिका फक्त उर्दूत का?

जून २०२३ मध्ये कांदिवलीच्या एका खासगी शाळेत सकाळच्या प्रार्थनेत अजान वाजवली गेली. पालक संतापले, पक्षांचे लोक दारात आले, शिक्षकावर निलंबनाची कारवाई झाली. बातमी घराघरांत पोहोचली.

आमच्या शाळेत तिसरीतल्या मुली फातिमा शेख आणि सावित्रीबाई होऊन अस्सल मराठीत संवाद म्हणतात. त्याची एक ओळ कुठे येत नाही. याचं खापर वर्तमानपत्रांवर फोडणं सोपं आहे. पण आपण काय करतो? पत्रिका उर्दूत, बातमी 'इन्किलाब'ला, पाहुणे आपलेच. पालिकेच्या एकाच इमारतीत वर मराठी शाळा, खाली उर्दू. मधे फक्त जिना. वरच्या बाईंना बोलवावं असं कुणाला सुचत नाही. मी सभेत विषय काढला, तर एक साहेब म्हणाले, "सर, उनको क्या इंटरेस्ट?"

अहो, विचारलंत कधी? शेजाऱ्याला आपली मुलं फक्त वादाच्या बातमीतून दिसणार असतील, तर त्याचा संशय आपणच पोसतोय. हे बोललं की काहींना मी 'त्यांचा माणूस' वाटतो. वाटू दे.

यंदा पत्रिका दोन्ही लिपींत छापा. मराठी मजकूर मी लिहून देतो. छपाईचे पैसे वाढले, तर तेही माझ्याकडून घ्या.