जुन्या कॅमेऱ्याचा जीर्णोद्धार

वडिलांच्या वेळचा कॅमेरा मोडींत काढावा कीं जपून ठेवावा, हा प्रश्न पुष्कळ घरांत निघतो. पन्नास वर्षांपूर्वींचें तें यंत्र कळ दाबतांच अद्यापि खट् असा आवाज करितें. उलट पंधरा वर्षांपूर्वीं घेतलेला डिजिटल कॅमेरा कपाटांत निपचित पडलेला असतो. त्यावरून जुनें तेवढें मजबूत व नवें तेवढें तकलादू, असें अनुमान लोक काढितात. तें तपासून घेणें बरें.

नव्या यंत्राची बांधणी मुळींच नाजूक नाहीं. २०१६ सालीं निघालेल्या निकॉन डी-५ ह्या डिजिटल कॅमेऱ्याचें शटर ४,००,००० वेळां उघडमीट करून पारखलेलें होतें. इतकीं चित्रें घ्यावयास छत्तीस चित्रांचे ११,००० हून अधिक रोल लागले असते! मग जुन्याचें दीर्घायुष्य कशांत आहे?

१९५४ सालचा लायका एम-३ घ्या. त्याचें शटर कमानी व दंतचक्रें ह्यांवर चालतें; बॅटरी लागतच नाहीं. १९८२ सालच्या निकॉन एफएम-२ मध्यें बॅटरी आहे, पण ती केवळ प्रकाश मोजण्यापुरती. अशा यंत्रांसहि वार्धक्य येतेंच. वंगण घट्ट होऊन शटर मंदावतें. पुष्कळ कॅमेऱ्यांत प्रकाश अडविण्यासाठीं लाविलेला फोम कुजतो. पावसाळ्यांत भिंगावर बुरशी धरते. परंतु जाणता कारागीर वंगण बदलतो, फोम नवा घालतो, तुटलेलें चक्र दुसऱ्या निकामी कॅमेऱ्यांतून काढून बसवितो. देवालयें शतकानुशतकें उभीं राहतात तीं जीर्णोद्धारामुळें. तसेंच हें आहे. डिजिटल कॅमेऱ्याचा प्रकाशग्राही सेन्सर किंवा विद्युन्मंडल मात्र कोणाहि कारागिरास हातानें घडवितां येत नाहीं. कारखान्यानें सुटे भाग देणें थांबविलें कीं उपाय खुंटला.

दुसरी गोष्ट यंत्राच्या अन्नाची. १२० क्रमांकाची फिल्म १९०१ सालीं निघाली व ती आजहि तयार होते; त्यामुळें बडोद्यास पूर्वीं तयार होत असलेला आग्फा क्लिक-३ आजहि वापरतां येतो. उलट २००२ सालीं निघालेलें एक्सडी कार्ड आतां कोणत्याहि नव्या कॅमेऱ्यांत बसत नाहीं. पण फिल्मवाल्यांनींहि गर्व करूं नये. १९३५ सालापासून नांवाजलेली कोडॅक्रोम फिल्म धुण्याचें काम २०१० च्या अखेरीस बंद पडलें. आतां न धुतलेल्या रोलांतले रंग कोणासहि परत मिळावयाचे नाहींत. तात्पर्य, वस्तु टिकते ती केवळ धातूच्या बळावर नव्हे. ती दुरुस्त करणारे हात व तिला लागणारी सामग्री जगांत शिल्लक असावी लागते.

म्हणून गृहस्थांनीं इतकें अवश्य करावें. जुना कॅमेरा पावसाळ्यांत चामड्याच्या पेटींत कोंडूं नये, कारण चामडें ओल धरतें. मधून मधून शटर चालवावें. मात्र ठेवतांना कमान ताणलेली ठेवूं नये. डिजिटल कॅमेऱ्याची बॅटरी काढून ठेवावी, आणि जुन्या कार्डांवरील चित्रें तीं वाचणारें साधन मिळतें आहे तोंच नव्या साधनावर उतरून घ्यावीं. त्यांतूनहि घरांतील वडीलधाऱ्यांचीं निवडक चित्रें कागदावर छापून घेऊन, त्यांच्या पाठीमागें नांव व साल लिहून ठेवावें. यंत्र गेलें तर दुसरें घेतां येतें. आजीचा चेहरा दुसरा मिळत नाहीं.