लिंक म्हणजे मत नव्हे

"लिंकांचे दिवस सरले, आता फक्त मजकूर चांगला हवा," असे एसईओवाले, म्हणजे शोधयंत्रांत पाने वर आणून देणारे, हल्ली छातीठोकपणे सांगतात. त्यांचेच भाईबंद शेकड्याने बॅकलिंक विकायला ईमेल धाडत असतात, ते सोडा. पूर्वपक्ष असा: लिंक म्हणजे मत; मते विकत मिळतात; म्हणून ती मोजणेच व्यर्थ.

यातले पहिलेच विधान लंगडे आहे. दोष थोडा गूगलचाही, 'मत' हा शब्द त्यांनीच रुळवला. पण 1998 साली स्टॅनफर्डमध्ये लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी मांडलेल्या पेजरँक या क्रमवारीच्या पद्धतीत एक पान, एक मत असा हिशेब नव्हताच. लिंक देणाऱ्या पानाचे स्वतःचे वजन किती, हे आधी पाहिले जाई. मग ते वजन त्या पानावरच्या सगळ्या लिंकांत वाटले जाई. दोघांना शिफारसपत्र देणारे गुरुजी आणि दोनशे जणांना देणारे पुढारी, यांचा शब्द सारखा कसा धरायचा? ही शिफारस झाली, मतदान नव्हे.

आणि लिंका मोजायच्या नाहीत, तर मोजायचे काय? पानावरचे शब्द? तेही करून झाले होते. तेव्हा लोक पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत एकच शब्द पुन्हापुन्हा लिहून ठेवत.

लिंकांतही लबाडी झाली, हे मान्य. 2003 साली काहींनी ठरवून 'मिझरेबल फेल्युअर' या शब्दांवर जॉर्ज बुश यांच्या व्हाइट हाउसच्या चरित्रपानाची लिंक दिली. ते शब्द शोधले की तेच पान सर्वांत वर! पानावर ते शब्द कुठेच नव्हते. 2011 मध्ये जे. सी. पेनी या अमेरिकी दुकानसाखळीकडे नेणाऱ्या विकतच्या लिंका न्यूयॉर्क टाइम्सने उघड केल्या आणि गूगलने तिला खाली ढकलले.

पण खोटे साक्षीदार सापडले म्हणून कोणी न्यायालय बंद करत नाही, उलटतपासणी कडक करतात. 2005 मध्ये लिंकेला लावायची 'नोफॉलो' ही खूण आली: लिंक आहे, शिफारस नाही. 2012 च्या एप्रिलमध्ये गूगलच्या 'पेंग्विन' या गाळणीने विकतच्या लिंकांवर उभी राहिलेली संकेतस्थळे खाली आणली. 2016 पासून तर अशा लिंका बहुधा हिशेबातच धरल्या जात नाहीत. विकत घेणाऱ्याचे पैसे पाण्यात.

लिंकांचा भाव उतरला, हे खरे. पण गूगलने आपल्या क्रमवारी यंत्रणांची जी यादी स्वतःच प्रसिद्ध केली आहे, तिच्यात पेजरँकचे नाव अजून आहे.